जुन्या पुस्तकांतली मेंदी नेमकी कुठल्या झाडाची?

प्रश्न असा आहे: "रद्दीतून सौंदर्यसाधना आणि वनौषधींवरची काही जुनी पुस्तकं हाती लागली. एकात लिहिलंय की मेंदीचा लाल रंग मुळांपासून काढतात. दुसऱ्यात काळ्या मेंदीचं झुडूप वेगळं असतं असं आहे. तिसऱ्यात मेंदीने केसांवर पुटं चढतात आणि पुढे केस तुटतात असा इशारा आहे. वाचून हसू येतं, पण छापलेलं आहे म्हणून शंकाही येते. यात खरं किती?"

मेंदीपुरतं बोलायचं तर तिन्ही चूक. तरीही ती पुस्तकं लगेच परत रद्दीत टाकू नका. पंचवीस वर्षं मी मेंदी भिजवते, हातांवर काढते, केसांना लावते, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं जुन्या पुस्तकांतली मेंदीची पानं जमवत आले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. या चुका कुणी हवेतून काढलेल्या नाहीत. मेंदीबद्दलचं चुकीचं वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्या कशाबद्दल तरी खरं असतं: दुसऱ्या झाडाबद्दल, दुसऱ्या भुकटीबद्दल, नाहीतर मेंदीच्या नावाने विकल्या गेलेल्या भेसळीबद्दल. म्हणून असं वाक्य दिसलं की मी विचारते, हे मेंदीबद्दल खरं नाही, तर मग कशाबद्दल खरं आहे? उत्तर सापडलं की हसूही येतं आणि शंकाही फिटते.

मुळांपासून सुरुवात करू. मेंदीच्या मुळात हात रंगवण्याजोगं काही नाही. रंग पानात असतो, आणि त्यातही देठांत आणि शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत जास्त. त्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात, आणि वाळलेल्या पाल्याच्या वजनात ते साधारण अर्धा ते दोन टक्केच असतं. मग पुस्तकात मूळ आलं कुठून? नावातून. अरबीत मेंदीला 'अल्-हिन्ना' म्हणतात. हा शब्द लॅटिनमध्ये जाऊन 'अल्काना' झाला, आणि स्पॅनिशमधलं त्याचं लघुरूप पुढे इंग्रजीत 'अल्कानेट' म्हणून रुळलं. पण युरोपात हे नाव चिकटलं ते भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एका वेगळ्याच रोपाला. त्या रोपाच्या मुळाच्या सालीतून गडद लाल रंग निघतो. आपल्याकडे रतनजोत म्हणून जी मुळं मिळतात, त्याच कुळातलं हे रोप. त्यामुळे जुन्या औषधी ग्रंथांत दोन अल्काना भेटतात. 'खरी' म्हणजे मेंदी आणि 'खोटी' म्हणजे ही लाल मुळाची. पुढच्या कुणी नकल करताना 'खरी' आणि 'खोटी' हे दोन शब्द गाळले, आणि मेंदीच्या झुडपाला रतनजोतीची मुळं फुटली.

ही गफलत ओळखायची खूण सोपी आहे. रतनजोतीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. आंबट पदार्थात तो लाल राहतो आणि सोडा किंवा चुन्यासारख्या क्षारात निळा-जांभळा होतो. मेंदीचा रंग मात्र पाण्यात भिजवूनच सुटतो. तेव्हा एखाद्या जुन्या कृतीत 'मेंदी' तेलात मंद आचेवर ठेवून लाल तेल गाळायला सांगितलं असेल, तर ती कृती चुकीची नाही, तिच्यावरचं नाव चुकीचं आहे. रतनजोत घेऊन करून बघा, तेल सुरेख लाल होईल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन रंगद्रव्यं एकाच घराण्यातली, नॅफ्थोक्विनोन वर्गातली आहेत, ही यातली मला फार आवडणारी गोष्ट. अक्रोडाच्या हिरव्या सालीने बोटं काळपट होतात तेही याच घराण्याचं काम. तिथला जुग्लोन आणि आपला लॉसोन यांचं रासायनिक सूत्र एकच आहे, फक्त एका हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी.

नावांची ही सरमिसळ आजची नाही. रोमन लेखक प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात वारला, त्याने मेंदीचं वर्णन 'सायप्रस' या नावाने केलं आहे: इजिप्तमधलं झाड, बोरीसारखी पानं, धण्यासारखं बी, सुगंधी. उत्तम माल नाईलच्या काठच्या कनोपसचा, मग अस्कलोनचा, मग सायप्रस बेटावरचा, अशी प्रतही लावून दिली आहे. हे वर्णन बरंच नेमकं आहे. ज्याने मेंदीची फळं हातात घेतली आहेत त्याला धण्यांची उपमा लगेच पटेल. पण त्याच उताऱ्याच्या शेवटी तो सांगून जातो की, इटलीत ज्याला 'लिगुस्ट्रम' म्हणतात तेच हे झाड, असं काहींचं म्हणणं आहे. ते म्हणणं चूक आहे. लिगुस्ट्रम हे कुंपणाला लावायचं वेगळं झुडूप, जाई-जुईच्या कुळातलं. फुलांचे पांढरट तुरे आणि समोरासमोरची पानं एवढंच साम्य, आणि त्याची फळं विषारी. तरी त्या एका वाक्यामुळे पुढे शतकानुशतकं युरोपातल्या वनस्पतिग्रंथांत मेंदी 'इजिप्शियन लिगुस्ट्रम' या अर्थाच्या नावाने फिरत राहिली. तुमच्या वनौषधींच्या पुस्तकात मेंदीला काळी, गोल, विषारी फळं असल्याचं लिहिलं असेल, तर ते वर्णन या कुंपणाच्या झुडपाचं आहे. मेंदीची फळं तपकिरी, कोरडी, वाटाण्याहून लहान असतात आणि आत बारीक कोनाकोनाचं बी असतं.

नावांच्या घोळातला माझा सगळ्यात आवडता प्रकार बायबलमधला आहे. गीतरत्न या पुस्तकात प्रियकराला एन-गेदीच्या मळ्यातल्या फुलांच्या गुच्छाची उपमा आहे. हिब्रू शब्द आहे 'कोफेर', म्हणजे मेंदी. १६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने जे भाषांतर छापलं गेलं, त्यात या जागी 'कॅम्फायर' आलं. कॅम्फायर म्हणजे त्या काळच्या लेखनातला कापूर. कापराचा वृक्ष पूर्व आशियातला, त्याचं लाकूड उकळून वाफेतून कापूर काढायचा. मृत समुद्राकाठच्या मळ्यात त्याचे गुच्छ कुठून येणार? पण कोफेर आणि कॅम्फर हे उच्चार जवळचे, आणि भाषांतर करणाऱ्या पंडितांसमोर फुललेलं मेंदीचं झुडूप नव्हतं. ज्याने संध्याकाळी मेंदीच्या फुलाचा वास घेतला आहे त्याला त्या ओळीतली उपमा शब्दकोशाशिवाय कळते. पुढच्या भाषांतरांत मेंदी परत आली. मधल्या काळात लिहिलेल्या काही टीपांत मात्र 'मेंदीला कापरासारखा वास असतो' असं वाचायला मिळतं. पाल्याला ओल्या गवताचा, वाळल्या चहापत्तीच्या जवळ जाणारा वास असतो. फुलाला दाट, गोड. कापराचा वास दोहोंतही नाही. भिजवलेल्या मेंदीला कापरासारखा वास येत असेल तर तो वरून घातलेल्या तेलाचा असतो.

काट्यांची गोष्टही सांगायला हवी. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसने १७५३ साली मेंदीला लॉसोनिया हे नाव दिलं, आयझॅक लॉसन या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून. याच लॉसनने लिनियसच्या सुरुवातीच्या ग्रंथाच्या छपाईला पैशांची मदत केली होती. लिनियसने मेंदीच्या दोन जाती नोंदवल्या: 'इनर्मिस', म्हणजे बिनकाट्यांची, आणि 'स्पिनोझा', म्हणजे काटेरी. त्यामुळे तुम्हाला जुन्या पुस्तकांत दोन वेगवेगळ्या मेंद्या शेजारी शेजारी चितारलेल्या दिसतील, एक सौम्य, एक बोचरी. खरं म्हणजे ते एकच झुडूप आहे, फक्त वय वेगळं. कोवळी फांदी गुळगुळीत असते. झुडूप जून झालं, विशेषतः कोरड्या रानात, की आखूड फांद्यांची टोकं कडक होऊन काट्यासारखी टोचतात. जुन्या मेंदीच्या कुंपणातून एकदा पाला खुडला की हे कायमचं लक्षात राहतं. वाळलेले नमुने पाहून जाती ठरवणाऱ्याला ते दिसणं अवघड होतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. पुढे लॅमार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने याच झुडपाला 'आल्बा', म्हणजे पांढरी, असंही नाव दिलं. ही तिन्ही नावं आता एकाच जातीची समजतात आणि 'इनर्मिस' हे नाव टिकलं आहे. 'आल्बा' वाचून कुणी पांढऱ्या मेंदीची कल्पना केली तर सांगते, पांढरा रंग देणारी मेंदी अस्तित्वात नाही. आज पांढरी मेंदी म्हणून जे काढतात तो त्वचेवर चिकटणारा रंग असतो, त्यात मेंदीचं पानही नसतं.

इतिहासातलं एक वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की आता ते पाहिलं की थेट पेन्सिल हातात घेते: 'मुघलांनी बाराव्या शतकात भारतात मेंदी आणली.' पानिपतावर बाबर जिंकला तो १५२६ साली, म्हणजे सोळाव्या शतकात. बाराव्या शतकात मुघल नव्हतेच. शिवाय संस्कृत वैद्यकग्रंथांतली 'मदयन्तिका' म्हणजे मेंदीच असं बरेच वैद्य मानतात, आणि ते ग्रंथ मुघलांच्या कितीतरी आधीचे. मुघल दरबारांत मेंदीची आवड होती, एवढा या वाक्यातला खरा गाभा.

आता केसांकडे येते, कारण तिथली चूक निव्वळ गमतीची नाही. 'मेंदी केसावर पुटासारखी बसते, केस ठिसूळ करते, तिच्यावर दुसरा रंग किंवा पर्म केला तर केस हिरवे होतात किंवा जळतात.' हे केशरचनेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्यांनी पाहिलं ते मेंदीचं काम नव्हतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य बाजारात 'मिश्र मेंदी' नावाच्या भुकट्या धडाक्याने विकल्या जात. शुद्ध मेंदीने फक्त तांबूस-नारिंगी छटा येते. गिऱ्हाइकाला तपकिरी, काळी, राखाडी हवी असायची. म्हणून त्या भुकट्यांत शिसं, चांदी, तांबं यांचे क्षार मिसळत. हे क्षार केसावर धातूचा थर धरतात, म्हणजे पुस्तकातलं पुट हेच. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं की धातूशी जोरदार अभिक्रिया होते, केस तापतो, तुटतो. इशारा खरा होता, आणि तो देणाऱ्यांमुळे अनेकांचे केस वाचले असतील. पण पाकिटावर मेंदी हा शब्द होता, आणि आरोप पानावर आला.

शुद्ध मेंदीचा रेणू लहान असतो. तो केसाच्या आत शिरतो आणि तिथल्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिकरीत्या जोडला जातो. म्हणून तो धुऊन जात नाही. केसाचा मूळ रंग तसाच राहतो आणि त्यावर लालसर पारदर्शक काच धरल्यासारखी छटा येते. पांढऱ्या केसात मूळ रंग उरलेलाच नसतो, म्हणून तिथे नुसती काच दिसते आणि केस नारिंगी होतो. एवढं समजलं की 'मेंदीने काळे केस उजळतात' आणि 'मेंदीने पांढरे केस काळे होतात' ही दोन्ही विधानं आपोआप गळतात. शुद्ध मेंदी लावलेल्या केसांवर नंतर रंग करता येतो, मी तो कित्येकदा केला आहे. मात्र मेंदीबरोबर नीळ लावली असेल आणि मग केस ब्लीच केले, तर हिरवी झाक येऊ शकते. पुस्तकातले 'हिरवे केस' बहुधा यातून आणि तांब्याच्या क्षारांतून आलेले आहेत.

धातूचा संशय असेल तर जुन्या पाठ्यपुस्तकांतलीच एक चाचणी आजही उत्तम आहे. काचेच्या भांड्यात ३० मिलिलिटर २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं, हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं. त्यात २८ टक्क्यांच्या अमोनियाचे २० थेंब टाकायचे, आणि कापलेल्या केसांची एक बट अर्धा तास बुडवून ठेवायची. शिशाचे क्षार असतील तर बट लगेच उजळते. तांबं असेल तर द्रावण उकळल्यासारखं फसफसतं आणि बट ओढली की तुटते. चांदीचा थर असेल तर बटेवर काहीच परिणाम दिसत नाही, कारण तो थर द्रावणाला आत जाऊ देत नाही. शुद्ध मेंदी असेल तर साध्या केसासारखी बट हळूहळू थोडी उजळते. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि हे डोक्यावरच्या केसांवर कधीही करू नका. एकच पुस्तक, एका पानावर मेंदीवर खोटा आळ आणि पुढच्याच पानावर तो आळ खोटा ठरवायची चाचणी. म्हणूनच मी पुस्तकं जपून ठेवा म्हणते.

कृतींच्या पानांवर तर मी तासन् तास रमू शकते. अंडं, दही, कॉफी, चहा, बीट, लोखंडी कढई, उकळतं पाणी, लवंगांचा काढा, आणि काही जुन्या पुस्तकांत चक्क रॉकेल. यातलं काय कामाचं हे कळायला पानात काय घडतं ते पाहावं लागतं. कोरड्या पाल्यात लॉसोन तयार स्वरूपात फारसा नसतो, तो साखरेच्या रेणूशी बांधलेल्या रूपात असतो. पाणी आणि सौम्य आम्ल मिळालं की ती गाठ सुटते. मोकळ्या झालेल्या द्रव्याला हवा लागली की ते लॉसोन बनतं. हे लगेच त्वचेत गेलं तर रंग चढतो, आणि भांड्यातच हवेने पुरतं जुनं झालं तर रंग मेला. आम्लाचा मोठा उपयोग हाच, ते हा हवेचा हल्ला लांबवतं. म्हणून लिंबाचा रस. साध्या उबेत आठ ते बारा तासांत मेंदी तयार होते. वरचा थर तपकिरी झाला आणि खाली बोट फिरवल्यावर हिरवं दिसलं, की रंग सुटला असं समजायचं. उकळतं पाणी ओतलं तर रंग लवकर सुटतो आणि तितक्याच लवकर संपतो. मी नवीन असताना एका जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवून सकाळी उकळत्या पाण्यात मेंदी कालवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वापरली. हातांवर जेमतेम फिका पिवळट डाग आला. त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीचा चेहरा अजून आठवतो, आणि तेव्हापासून मी कुठलीही कृती आधी स्वतःच्या तळव्यावर करून बघते.

अंडं आणि दही यांच्याबद्दल माझा स्पष्ट विरोध आहे. लॉसोनला प्रथिनाशी जुळायचं असतं. तुम्ही त्याच्यासमोर भांड्यातच प्रथिन ठेवलंत तर तो केसाची वाट का पाहील? अंडं रंगतं, केस राहतो. ते स्वतंत्र दिवशी लावा. कॉफी-चहाचा तपकिरी रंग धुण्यात निघून जातो. चहातल्या आंबटपणाचा थोडा उपयोग होतो, पण तो लिंबानेही होतो. बिटाचा रंग केसाला धरतच नाही. लोखंडी कढईत पाल्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडते आणि लगदा काळसर दिसतो. तो दिसतो कढईत, केसांवर फरक जवळपास नाही. साखर मात्र खरंच उपयोगी. ती ओल धरून ठेवते, लगदा लवकर सुकून गळत नाही आणि त्वचेला रंग घ्यायला जास्त वेळ मिळतो. लवंगांची वाफ देण्याने रंग वाढतो हे खरं, कारण ऊब. लवंगेचं तेल मात्र नाजूक त्वचेला भाजल्यासारखं करू शकतं. आज जाणकार लोक लॅव्हेंडर किंवा कायपुटीचं तेल वापरतात, त्यातले काही घटक रंग आत पोचवायला मदत करतात. जुन्या काळी रॉकेल किंवा पेट्रोल नेमकं याच हेतूने घालत. हेतू बरोबर होता, पदार्थ घातक आहे. ते पान वाचून सोडून द्यायचं.

'मेंदी काढून टाकल्यावर लगेच गडद लाल दिसली तर ती उत्तम' हेही बऱ्याच ठिकाणी छापलंय. खरी मेंदी खरवडल्यावर नारिंगी दिसते, आणि पुढच्या ४८ तासांत लालसर तपकिरी होते. तिला तेवढा वेळ आणि पाण्यापासून दूर राहणं लागतं. क्षणात गडद लाल होणाऱ्या कोनात बहुतेक वेळा सोडियम पिक्रामेटसारखा रंग मिसळलेला असतो. तळहात आणि तळपाय जास्त रंगतात ते तिथला वरचा मृत थर जाड असतो म्हणून, आणि हा थर झडला की रंग जातो, एक ते तीन आठवड्यांत. एका पुस्तकात मेंदी सहा महिने टिकते असं वाचलं होतं. केसांवर ते खरं आहे, हातावर नाही. लिहिणाऱ्याने दोन पानं एकत्र केली असणार.

आता काळी मेंदी. इथे मी हसत नाही. तुमच्या पुस्तकातल्या वेगळ्या झुडपाच्या वाक्यामागे खरं झुडूप आहे: नीळ. केस काळे करण्यासाठी आधी मेंदी आणि मग निळीचा पाला लावायची रीत जुनी आहे, आणि निळीच्या पाल्याची हिरवट भुकटी 'काळी मेंदी' म्हणून विकली जात असे. तिथवर ठीक. त्याचप्रमाणे 'रंगहीन मेंदी' म्हणून मिळते ती सोनामुखीच्या जातीतली पानं असतात, तिचाही मेंदीशी संबंध नाही. पण विसाव्या शतकात 'काळी मेंदी' या शब्दात तिसरीच गोष्ट शिरली. केसांच्या काळ्या रंगातलं पॅराफेनिलिनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी, लगद्यात मिसळायला सुरुवात झाली. काही जुन्या कृतींत 'चिमूटभर काळा खडा किंवा केसांचा काळा रंग घाला, नक्षी तासाभरात काळी होते' असं सहज लिहिलेलं असतं. युरोपीय महासंघात केसांच्या रंगात वापरताना पीपीडीची मर्यादा २ टक्के आहे आणि त्वचेवर लावायला परवानगीच नाही. एका काळ्या मेंदीच्या लगद्याची तपासणी झाली तेव्हा त्यात ते १५.७ टक्के निघालं होतं.

याचा परिणाम कधी लगेच, कधी एक-दोन आठवड्यांनी दिसतो. नक्षीच्या रेषेवर रेषा फोड येतात, आणि ते भरल्यावर नक्षीचाच व्रण राहतो. माझ्याकडे एक मुलगी हाताचा असा व्रण दाखवायला आली होती, पानाफुलांची वेल अगदी स्पष्ट उमटलेली. पुढचं दुखणं आयुष्यभराचं असतं. शरीर एकदा पीपीडीवर बिथरलं की केसांचा साधा रंग, काही कापडी रंग, बधिर करायची काही मलमं यांचाही त्रास होऊ शकतो. २००६ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने पीपीडीला वर्षातला प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं, ते अशाच प्रकरणांकडे लक्ष वेधण्यासाठी.

आणि 'मेंदी नैसर्गिक, म्हणून तान्ह्या बाळालाही लावावी' हा सल्ला. तोही कृपा करून पाळू नका. काही लोकांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं. अशा बाळाला शुद्ध मेंदीसुद्धा लावली तर लॉसोन त्वचेतून शिरून तांबड्या पेशी फोडू शकतो, कावीळ होते, आणि बाळाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बाळात ही कमतरता आहे की नाही हे घरी कळत नाही. नवजात बाळाला मेंदी नको, एवढं सरळ.

तुमच्या पुस्तकांचं काय करायचं? मी माझ्याकडच्या प्रतींत समासात पेन्सिलीने खरी वस्तू लिहून ठेवते: मुळाच्या वाक्याशेजारी 'रतनजोत', काळ्या फळांशेजारी 'लिगुस्ट्रम', पुटाशेजारी 'धातूचे क्षार', काळ्या झुडपाशेजारी 'नीळ'. खडा आणि रॉकेलच्या कृतींवर मोठी फुली मारते, कारण ते पुस्तक उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आणि एखाद्या ओळीचा उलगडा होत नसेल तर चमचाभर शुद्ध पूड लिंबाच्या रसात भिजवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळव्यावर वाटाण्याएवढा ठिपका लावून सहा तास राहू द्या. तो उतरवल्यावर नारिंगी दिसला आणि तिसऱ्या दिवशी तपकिरी झाला, तर मेंदी कशी वागते ते तुमच्या हातावर आलं. मग पुस्तकातली ती ओळ पुन्हा वाचा आणि ती कुठल्या झाडाची असेल ते मला जरूर कळवा.